राजीनाम्याच्या नावाखाली

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या संगणक-सेवा कंपनीने २०२५ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे २ टक्के, म्हणजे १२,००० हून अधिक, माणसे वर्षभरात कमी करण्याचा मनोदय जाहीर केला. त्यांतील बहुतेक मधल्या व वरच्या पायरीवरची असतील, असेही सांगितले. ही घोषणा होण्यापूर्वीच्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत कंपनीस १२,७६० कोटी रुपये निव्वळ नफा झाला होता. पुढे सप्टेंबरअखेर कंपनीचे मनुष्यबळ आधीच्या तिमाहीपेक्षा १९,००० हून अधिकांनी घटलेले दिसले. यांतील किती काढले गेले आणि किती आपण होऊन गेले, याविषयी कंपनी व कर्मचारी संघटना यांचे आकडे जुळत नाहीत. संघटना फुगवून सांगतात असे कंपनी म्हणते. कंपनी लपविते असे संघटना म्हणतात. हा वाद कोणास किरकोळ वाटेल. आम्हांस तोच या साऱ्या प्रश्नाचा गाभा वाटतो. माणूस काढला गेला की स्वेच्छेने गेला, हेच जेथे कागदावरून कळत नाही, तेथे न्याय-अन्यायाची चर्चा कोणत्या पायावर करावयाची?

एक गोष्ट प्रथम मान्य केली पाहिजे. काम राहिले नाही तरी माणसे कायमची पोसावीत, असे कोणत्याही उद्योगास सांगता येणार नाही. धंद्याचे स्वरूप बदलते, यंत्रे बदलतात, गिऱ्हाइकांच्या मागण्या बदलतात. नफा होत असतानाच पुढचा विचार करणारा चालक दूरदर्शी ठरतो, हेही खरे. परंतु कपात करण्याचा अधिकार मान्य केला म्हणजे ती कशीही करण्याचा परवाना दिला, असे होत नाही. प्रश्न आहे तो या बदलाचा भार कोणी व किती उचलावा, हा.

कर्मचारी संघटनांच्या तक्रारींत एक चित्र पुन्हा पुन्हा येते आणि ते एकाच कंपनीपुरते नाही. माणसाला खोलीत बोलावले जाते. समोर मनुष्यबळ विभागाचे दोघे बसलेले असतात. राजीनामा दिलात तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल, न दिलात तर कामावरून काढल्याची नोंद होईल, असे सौम्य शब्दांत सांगितले जाते. पुढची कंपनी मागच्या कंपनीकडे चौकशी करते, हे त्या बिचाऱ्यास ठाऊक असते. घराचे हप्ते, मुलांच्या फिया आणि म्हाताऱ्या आईबापांची औषधे यांचा हिशेब मनाशी करून तो सही करतो. यास स्वेच्छा म्हणावयाचे असेल तर शब्दकोश नव्याने छापावे लागतील.

हा खटाटोप कशासाठी, हे कायदा पाहिल्यावर कळते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कपातीविषयी कलमे घातली गेली. एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, सेवेच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई, सरकारास सूचना, शेवटी आलेल्याने प्रथम जावे हा सामान्य नियम आणि पुन्हा भरती निघाल्यास काढलेल्यास अग्रक्रम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तत्त्वे राहिली आहेत. शिवाय काढलेल्या कामगारास नवे कौशल्य शिकता यावे म्हणून मालकाने १५ दिवसांचा पगार निधीत भरावा, अशी भर पडली आहे. मात्र हे सारे संरक्षण कपातीस आहे, राजीनाम्यास नाही. एका सहीने माणूस कायद्याच्या छपराखालून स्वतःच बाहेर पडतो.

सही केली नाही तरी पुढे दुसरी भिंत आहेच. व्यवस्थापकीय काम करणारा कायद्याने 'कामगार' नव्हे, आणि १८,००० रुपयांहून अधिक पगाराचा पर्यवेक्षकही नव्हे. १८,००० ही मर्यादा कोणत्या शहराकडे पाहून ठरविली, हे वाकड-हिंजवडीत दोन खोल्या भाड्याने घेणाऱ्यास विचारावे. कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन पूर्वी १०० कामगारांच्या आस्थापनांस होते, ते आता ३०० वर गेले, म्हणून बराच गदारोळ झाला. पण ते बंधन कारखाने, खाणी व मळे यांपुरतेच होते व आहे. संगणकासमोर बसणाऱ्यास ते कधी लागूच नव्हते. चेन्नईच्या एका कामगार न्यायालयाने २०२२ साली याच कंपनीच्या एका अभियंत्यास कामगार ठरवून परत घेण्याचा हुकूम केला खरा. पण त्यासाठी त्याची सात वर्षे गेली. इतका धीर किती जणांपाशी असतो?

शेवटी आला तो प्रथम जाईल, या नियमाच्या मुळाशी साधा विचार आहे. ज्याने उमेदीची वर्षे दिली, त्याला नवी नोकरी मिळणे सर्वांत कठीण. येथे नेमके उलट झाले. महाविद्यालयांतून कोवळ्या पदवीधरांची भरती होते आणि पंचेचाळिशीचा माणूस 'नव्या कामास अनुरूप नाही' म्हणून जातो. आपल्या निर्णयाचे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नसून कौशल्ये व कामे यांचा मेळ न बसणे हे आहे, असे कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले. असेल. परंतु ज्या शाळेने वीस वर्षे एकच धडा गिरवून घेतला आणि त्यावर नाव मिळविले, तिने दुसरा धडा येत नाही म्हणून विद्यार्थ्यास एकाएकी घरी पाठवावे, याला आम्ही परीक्षा म्हणत नाही. कंपनीने भरपाई, वाढीव विमा आणि दुसरी नोकरी शोधण्यास मदत देऊ केली, हे नमूद केलेच पाहिजे. ते तिने आपल्या मर्जीने दिले, आणि अडचण तीच आहे. मर्जीवर दिलेले हक्क म्हणून मागता येत नाही.

याहून वेगळे करता येते, हे सांगण्यास परका दाखला शोधावा लागत नाही. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ सालीच आला, कायद्याने सांगण्याच्या कितीतरी आधी. त्याच कारखान्याने १९९० च्या दशकात सुमारे ७८,००० चे मनुष्यबळ उतरवत आणले, तेव्हा मुदतीपूर्वी जाणाऱ्यांस निवृत्तीच्या वयापर्यंत दरमहा पगार चालू ठेवण्याची योजना केली. खर्च मोठा होता. कारखाना बुडाला नाही. जर्मनीत कोणास काढावे हे ठरविताना सेवेची वर्षे, वय, पोसावयाची माणसे आणि अपंगत्व यांचा विचार करणे मालकास कायद्याने भाग आहे. मालकाच्या स्वातंत्र्याचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या अमेरिकेतही १९८८ च्या कायद्याप्रमाणे १०० किंवा अधिक नोकरांच्या मालकास मोठ्या कपातीपूर्वी साधारणतः ६० दिवसांची सूचना द्यावी लागते.

आपल्याकडे पांढरपेशाने संघटना ही गोष्ट स्वतःसाठी कधी मानली नाही. १९८२ च्या संपात गिरणगाव उद्ध्वस्त होत असता तो दूर उभा राहून पाहत होता. ते दुसऱ्यांचे दुखणे होते. गिरणी कामगारापाशी निदान युनियन होती आणि आपण कामगार आहोत याची जाणीव होती. गळ्यात ओळखपत्र आणि नावापुढे 'मॅनेजर' एवढ्या भांडवलावर आपण वेगळे आहोत, असे मानणाऱ्यांस आता आपल्या हुद्द्याची किंमत कळू लागली आहे.

कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे. त्यामुळे हे दिल्लीचे काम म्हणून मुंबईस हात झटकता येणार नाहीत. कपात जाहीर केल्यापासून सहा महिन्यांत आलेला प्रत्येक राजीनामा, उलट सिद्ध होईपर्यंत, कपात समजावा. आणि भरपाईचा हक्क हुद्द्यावर नव्हे, सेवेच्या वर्षांवर ठरवावा, अशी दुरुस्ती विधानसभेत कोणीही मांडू शकतो. तीस वेळ लागेल असे उत्तर येईल. मग राज्याच्या २०२३ च्या माहिती-तंत्रज्ञान धोरणाखाली या उद्योगास ज्या सवलती मिळतात, त्यांच्या अटींत किती माणसे घेतली याबरोबर किती माणसांनी, कोणत्या वयाच्या व किती वर्षांच्या सेवेनंतर राजीनामे दिले, याचा तिमाही तक्ता कामगार आयुक्तांकडे देण्याची एक ओळ घालण्यास कोणत्या विधेयकाची वाट पाहावयाची आहे?