सहीवर स्लॅब

आपल्याकडे स्लॅब घरावर टाकतात. अमेरिकेत तो बेसबॉल कार्डावरच्या सहीवर टाकतात. एखादी कंपनी सही तपासते, कार्डाला दहापैकी गुण देते आणि प्लास्टिकच्या जाड डबीत ते कायमचं बंद करते. या डबीलाच तिथे ‘स्लॅब’ म्हणतात. मग भाव चढतो. याला छंद म्हणायला माझी हरकत आहे.

खोट्या सह्यांचा सुळसुळाट होता, हे मान्य. नव्वदच्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये अशा टोळ्या पकडल्या, तेव्हा मदर तेरेसांच्या नावाने सही केलेला बेसबॉलसुद्धा सापडला! पण या टोळ्या खोट्या सहीसोबत खरेपणाचं प्रमाणपत्रही देत होत्या. लोक सही बघत नाहीत, प्रमाणपत्र बघतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि बाजार ज्याला ‘खरी’ म्हणतो, ती सही तरी कशी असते? कित्येक नव्या कार्डांवर खेळाडू सही करतच नाही. तो पारदर्शक स्टिकरच्या तावांवर सह्या करत सुटतो, मग कंपनी ते स्टिकर कार्डांवर चिकटवते. कार्डाला त्याचा हातही लागत नाही. मी सॉफ्टवेअरवाला आहे. फाइल अमक्याकडून आली आणि वाटेत बदलली नाही, एवढंच डिजिटल सही सांगते. यंत्राला तेवढं पुरतं. माणसाच्या सहीकडूनही तेवढंच हवं असेल, तर माणूस हवाच कशाला?

जुनी पद्धत वेगळी आहे. निवृत्त खेळाडूला पत्र लिहायचं, सोबत कार्ड आणि स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट ठेवायचं. न्यू जर्सीतून मी हेच करतो. एक-दोन हंगाम खेळून विस्मरणात गेलेले, आता म्हातारे झालेले खेळाडू सही करून पाठवतात. काही जण पाच-दहा डॉलर मागतात आणि त्यावर संग्राहक नाकं मुरडतात.

यातले बरेच जण कोण आहेत, बघा. १९८० आधी निवृत्त झालेल्या, मेजर लीगमध्ये चार वर्षं न भरलेल्या शेकडो खेळाडूंना पेन्शन नाही. १९८० साली पेन्शनची अट ४३ दिवसांवर आली, पण ती पुढच्यांसाठी. या जुन्यांना २०११मध्ये वर्षाला जास्तीत जास्त १०,००० डॉलर मंजूर झाले. इकडे २०२२मध्ये मिकी मँटलचं १९५२चं एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. कार्ड असं पुन्हा विकलं जातं, तेव्हा खेळाडूला त्यातला छदामही मिळत नाही. तरी हावरट कोण, तर पाच डॉलर मागणारा म्हातारा!

तुम्ही अमेरिकेत असाल आणि या नादाला लागणार असाल, तर स्लॅब विकत घेऊ नका. ज्याचं कार्ड दुकानात अर्ध्या डॉलरला पडून आहे, त्याला पत्र लिहा. त्याचा एखादा सामना शोधून वाचा आणि त्याबद्दल विचारा. पाकिटात न मागता दहा डॉलर ठेवा. आणि सही आली, तर ती विकू नका.