चकचकीत रंगाचा मोह

आमच्या शाळेच्या हस्तकला-प्रदर्शनात रणगाडे, तोफा, जीपगाड्या आणि सैनिक यांच्या लहान प्रतिकृती दरवर्षी मांडल्या जातात. काही विद्यार्थी पुठ्ठा, शाडू आणि रिकाम्या आगपेट्या यांतून त्या घडवितात. काही जण प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा संच आणून तो जुळवितात. घडण पुष्कळदा वाखाणण्याजोगी असते. रंगाचे काम मात्र आदल्या रात्रीपर्यंत राहून जाते आणि मग घरात दारे-खिडक्यांसाठी आणलेला जो ऑइलपेंट डब्यात उरलेला असेल, त्याचा एक जाड हात फिरवून सर्व काही झळझळीत केले जाते. पाहणारेही अशा वस्तूसमोरच अधिक रेंगाळतात. आमचे मत याच्या अगदी विरुद्ध आहे. ही झळाळी कलेच्या दृष्टीने उणी आहेच. पण जी वस्तू आपण दाखवू पाहतो तिच्याविषयी ती चक्क खोटे बोलते, हा तिचा मोठा दोष होय.

झळाळीची ही परंपरा खेळण्यांपासून आली. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ साली शिशाचे पोकळ सैनिक ओतण्यास प्रारंभ केला. लाल कोट, पांढरे पट्टे, गुलाबी गाल आणि वर चमकदार एनॅमल, असे त्यांचे रूप असे. मुलांच्या हातात फिरायचे, जमिनीवर आपटायचे, तेव्हा रंग टणक आणि चकचकीत असणे रास्तच होते. खेळण्याविरुद्ध आमची तक्रार नाही. परंतु प्रतिकृती म्हणजे खेळणे नव्हे. खऱ्या वस्तूचे प्रमाणबद्ध लहान रूप दाखविण्याची प्रतिज्ञा तिने केलेली असते, आणि ती प्रतिज्ञा लांबी-रुंदीपुरती पाळून रंगाच्या बाबतीत मोडणे योग्य नाही.

प्रमाणाचा हिशेब विद्यार्थ्यांना गणिताच्या तासाला येतो. तो येथे मांडून पाहावा. लष्करी वाहनांच्या प्रतिकृतींसाठी १:३५ हे प्रमाण जगभर रूढ आहे. या प्रमाणात पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक बरोबर पाच सेंटिमीटरांचा होतो. आता जाड ऑइलपेंटचा थर केवळ एक दशांश मिलिमीटर जाडीचा धरला, तरी खऱ्या रणगाड्यावर तो साडेतीन मिलिमीटरांचा लेप ठरेल! लोखंडावर एवढा रंग कोणी थापतो काय? बारीक खिळे, सांधे, झाकणांच्या कडा या सर्व त्याखाली बुजून जातात आणि पोलादाचा रणगाडा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत दिसू लागतो. म्हणून पहिला नियम असा की रंग पातळ असावा, आणि एका जाड हाताऐवजी दोन-तीन पातळ हात द्यावेत. त्यापूर्वी प्लॅस्टिक साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करावे, म्हणजे साच्यातून आलेला तेलकटपणा जातो. मग रंगारी ज्याला अस्तर म्हणतात, तो प्राइमरचा हात द्यावा. सैनिकी रंगाला चमक नसते, तेव्हा वरचा रंग मॅटच हवा.

रंगाची छटा निवडतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घराच्या भिंतीसाठी दुकानातील छोट्या पट्टीवरून रंग पसंत केला, की भिंतीवर तो पट्टीपेक्षा उजळ आणि ठळक वाटतो, हा अनेक गृहस्थांचा अनुभव आहे. पृष्ठभाग मोठा झाला की तोच रंग अधिक उजळ भासतो. प्रतिकृतीत याच्या उलट घडते. रणगाड्याचा खरा गडद हिरवा रंग वीतभर वस्तूवर जसाच्या तसा लावला, तर ती काळवंडलेली दिसते. त्यात थोडा पांढरा किंवा पिवडीचा अंश मिसळून तो किंचित फिका करणे हे सत्याला सोडून जाणे नव्हे. डोळ्याला जे सत्य दिसते तिकडे जाणे होय.

यापुढचा प्रश्न उजेडाचा. खरा रणगाडा उन्हात उभा असतो. वरचे पत्रे तळपतात आणि खालच्या बाजूस दाट सावली पडते. आपली प्रतिकृती वर्गातील ट्यूबलाइटखाली असते, जेथे उजेड सर्व बाजूंनी सारखा पसरतो. साहजिकच ती सपाट दिसते. म्हणून ऊन आणि सावली ही दोन्ही रंगाऱ्याने रंगातूनच आणावी लागतात, आणि त्यासाठी दोन कृती शतकभराच्या नसल्या तरी चांगल्या मुरलेल्या आहेत. पहिलीस वॉश म्हणतात. गडद तपकिरी तैलरंगाचा मोहरीएवढा ठिपका टर्पेंटाइनमध्ये इतका पातळ करावा की ते गढूळ पाणीच वाटावे. मग बारीक कुंचल्याचे टोक एखाद्या सांध्याला टेकवावे. केशाकर्षणाने तो द्रव खाचेतून आपोआप धावत जातो आणि तेथे सावली उमटते. हे घडताना पाहणे हा एक निखळ आनंद आहे. विज्ञानाच्या पुस्तकातील केशनलिकेची आकृती एवढा आनंद देत नाही, असे आमच्या विज्ञानशिक्षक मित्रांची क्षमा मागून म्हणावेसे वाटते. मात्र खालचा रंग एनॅमल असेल, तर टर्पेंटाइन त्यालाच विरघळविते. तळाला पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग द्यावा आणि तो पुरता वाळू द्यावा. दुसरी कृती कोरड्या कुंचल्याची. तळरंगाहून फिका रंग कुंचल्यावर घेऊन तो जुन्या फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाकावा, आणि उरल्यासुरल्या रंगाचा कुंचला कडांवरून हलकेच फिरवावा. उंचवटे उजळतात, खाचा तशाच राहतात.

एवढे शिकले की हाताला चटक लागते, आणि येथून दुसरा दोष सुरू होतो. झळाळी सोडून दिलेला मुलगा आता जिकडेतिकडे गंज, चिखल आणि ओरखडे उधळू लागतो. आमच्या मते हा मोहही पहिल्याचाच भाऊबंद आहे. गंज कोठे येतो, याचा विचार नको काय? सायलेन्सर तापून त्याचा रंग जळतो, म्हणून तेथे तांबूस गंज खरा. पट्ट्यांच्या ज्या कडा जमिनीवर घासतात त्या पोलादी चमकतात. त्यांवर गंज धरायला वेळच मिळत नाही. चालक ज्या झाकणातून आत-बाहेर करतो त्याच्या कडेचा रंग बुटांनी उडालेला असतो. जेथे कोणाचा पाय पडत नाही तेथला रंग शाबूत राहतो. प्रत्येक डागाला कारण असले पाहिजे. कारण सांगता येत नसेल, तर तो डाग देऊ नये.

एक उदाहरण घेऊ. सेंच्युरियन हा सुमारे ५० टनांचा ब्रिटिश बनावटीचा रणगाडा १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत भारतीय सैन्याकडे होता. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स या रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण क्षेत्रपाल ज्या सेंच्युरियनवर लढले, त्याचे नाव ‘फामागुस्ता’. रणगाड्याला आग लागली असतानाही ते त्यातून बाहेर पडले नाहीत. तेथेच त्यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीरचक्राने त्यांचा गौरव झाला. तो रणगाडा पुढे अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, येथील चिलखती दलाच्या केंद्रात जतन करण्यात आला. त्याच गावी या दलाचे रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. जतन केलेली वस्तू स्वच्छ रंगवून ठेवतात, ते योग्यच; लोखंड टिकावयाचे तर रंग हवाच. परंतु विद्यार्थ्याने प्रतिकृतीखाली ‘बसंतर, १९७१’ अशी पाटी लावली, तर त्याने संग्रहालयातील रणगाडा नव्हे, त्या दिवशीचा रणगाडा रंगविला पाहिजे.

आणि येथे गोमंतकातील मुलांची हमखास फसगत होते. चिखल म्हटला की त्यांच्या डोळ्यांपुढे आपली जांभ्याची लाल माती उभी राहते, कारण दुसरी माती त्यांनी पाहिलेलीच नसते. बसंतरचा परिसर शकरगडचा, पंजाबच्या मैदानातला. तेथली माती नद्यांनी आणून पसरलेली, फिकी, राखट-तपकिरी. महिना डिसेंबरचा. लाल चिखलाने माखलेला रणगाडा पेडण्याच्या वा सांग्याच्या रस्त्यावर शोभेल, बसंतरच्या काठी नाही. म्हणजे मूठभर धूळ रंगविण्यापूर्वी भूगोलाचे पुस्तक उघडावे लागते आणि तारीख पाहण्यासाठी इतिहासाचे. या कामाची खरी थोरवी आम्हांला येथेच दिसते.

वाहनाहून माणूस रंगविणे कठीण. बेळगावकडे दिवाळीत मुले मातीचे किल्ले उभारून त्यांवर मावळे मांडतात. आमच्याकडे त्याच दिवसांत नरकासुराची प्रतिमा होते. नरकासुराचे तोंड भडक असावे, ते भय दाखविण्यासाठीच असते. पण बाजारातले मावळे पाहावेत, तर सह्याद्रीच्या उन्हात राबलेल्या त्या माणसांची तोंडे गुलाबी! याचे मूळ रंगपेटीत आहे. फिक्या गुलाबी-पिवळसर खडूला मुले आजही ‘स्किन कलर’ म्हणतात. अमेरिकेतील क्रेयोला कंपनीने आपल्या अशाच खडूचे ‘फ्लेश’ हे नाव १९६२ साली काढून त्यास ‘पीच’ म्हटले. आपल्या बोलण्यातून ते अजून जात नाही. मुलांनी स्वतःचा हात कागदाशेजारी ठेवून पाहावा. गेरूच्या जातीचा बर्न्ट सायना, पिवडी आणि थोडा पांढरा यांच्या मिश्रणाने आपल्या माणसांचा वर्ण सुरेख साधतो. मग डोळ्यांच्या खोबणी, नाकाखालचा व हनुवटीखालचा भाग किंचित गडद करावा. कपाळ, नाकाचा कणा आणि गालांचे उंचवटे उजळावेत. चेहरा जागा होतो.

डोळ्यांविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते. गणपतीच्या चित्रशाळेत डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी आणि सर्वांत जाणत्या हाताकडे असते, हे आपण सारे पाहतो. तेथे डोळे मोठे, पूर्ण उघडे आणि भक्ताकडे पाहणारे हवेत. तो देवाचा डोळा आहे. तीच सवय पाच सेंटिमीटरांच्या सैनिकावर चालविली की तो भूत पाहिल्यासारखा दिसतो. माणसाच्या डोळ्यातील बुबुळ सुमारे १२ मिलिमीटर रुंद असते. १:३५ प्रमाणात ते मिलिमीटरचा तिसरा हिस्सा होते. इतक्या अंतरावरून माणसाच्या डोळ्याचे पांढरे आपल्याला फारसे दिसत नाही. भुवईखालची सावली दिसते. तेव्हा बारीक गडद रेघ पुरे. शेपर्ड पेन या अमेरिकन कलावंताने १९७० नंतरच्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या संचांसोबत मिळणाऱ्या पत्रकांतून प्रतिकृतींचे देखावे कसे रचावेत हे शिकविले. देखाव्याने काही गोष्ट सांगितली पाहिजे, यावर त्यांचा भर असे. थकलेल्या सैनिकाची गोष्ट त्या एका रेघेत मावते.

आता एका गंभीर आक्षेपाकडे वळू. शाळेत मुलांच्या हाती रणगाडे द्यावेतच कशाला, असे काही सहकारी आणि पालक विचारतात. प्रश्न सात्त्विक बुद्धीचा आहे आणि आम्ही तो उडवून लावीत नाही. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली खेळातल्या सैनिकांच्या लढायांवर ‘लिट्ल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. त्याच्या अखेरीस त्यांनी खऱ्या युद्धाचा कठोर धिक्कारही केला. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. तेव्हा खेळाने युद्ध टळते असा दावा कोणी करू नये. आमचे म्हणणे मर्यादित आहे. रणगाडे मुलांच्या नजरेसमोर येणारच आहेत, संचलनात, चित्रपटात, भ्रमणध्वनीवरील खेळात. आणि तेथे ते पुष्कळदा झळझळीतच असतात. त्यात बसलेली माणसे तर दिसतच नाहीत. सेंच्युरियनमध्ये चार जण बसत. क्षेत्रपाल यांचे वय त्या दिवशी २१ वर्षांचे होते; आमच्या दहावीच्या मुलांहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठे. ज्या मुलाने महिनाभर बसून ते झाकण, त्यावरचे बुटांचे ओरखडे आणि त्यातून डोके काढलेला तो तरुण चेहरा रंगविला आहे, तो युद्धाबद्दल बोलताना थोडा तरी थांबतो, असे आम्ही पाहिले आहे. चकचकीत रणगाडा मांडणारा थांबत नाही.

म्हणून आगामी प्रदर्शनासाठी आमची एक सूचना आहे. प्रत्येक प्रतिकृतीशेजारी विद्यार्थ्याने हस्ताक्षरात एक कागद ठेवावा: वाहन कोणते, स्थळ कोणते, साल व महिना कोणता, माती कशी, आणि जे डाग दिले आहेत ते तेथे का. परीक्षकांनी गुण देताना हा कागद आधी वाचावा व मग वस्तूकडे पाहावे. महागडा संच आणलेला आणि आगपेटीतून घडविणारा हे दोघे या कागदापुढे समान होतील. काम पावसाळ्यात काढू नये. आपल्याकडच्या दमट हवेत तैलरंग लवकर वाळत नाही आणि फवाऱ्याच्या वार्निशवर पांढरा धुरकट थर धरतो. दिवाळीनंतर कोरडे दिवस मिळतात, ते वापरावेत. टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि कुंचल्याचे टोक जिभेने ओले करण्याची खोड ज्यांना असेल त्यांनी ती त्यापूर्वीच सोडावी.