ज्यांचा अभ्यास केला, त्यांना सांगा

१९४८ साली पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेने गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्राची पाहणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ती अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी केलेली. कालवा सरकारला परवडतो की नाही हे तोवर मुख्यतः पाणीपट्टीच्या वसुलीवरून ठरे. गाडगीळांनी तो हिशेब वाढवला. पाण्यामुळे शेतात काय पिकले हे तर पाहिलेच, पण त्या पिकामुळे मजुराला किती काम मिळाले, व्यापार आणि वाहतूक किती वाढली, हेही त्यांनी मोजायला घेतले.

त्या पाहणीइतकीच मोलाची वाटते ती तिच्याभोवती घडलेली गोष्ट. १९४५ साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, बागाईतदारांची परिषद भरली आणि तिचे अध्यक्ष गाडगीळ होते. ऊस पिकवणाऱ्याने साखरही स्वतःच्या मालकीच्या कारखान्यात करावी, हा विचार त्यांनी शेतकऱ्यांसमोर मांडला. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी तो उचलला आणि गावोगाव हिंडून भागभांडवल गोळा केले. १९५० साली प्रवरेच्या काठी सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीत पाहणी करणारे अर्थशास्त्रज्ञच होते. ज्यांच्या शेतांचे आकडे घेतले त्यांच्यापुढे उभे राहून, त्यांना समजेल अशा भाषेत बोलून, त्यांच्याबरोबर धोका पत्करायचा, ही तयारी गाडगीळांकडे होती. यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ठरवताना आमच्या डोळ्यांसमोर तीच होती.

विषय आहे शाश्वत विकास, आणि त्यातही त्यावरचे संशोधन. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हा विषय जड, असे काही जुन्या वाचकांना वाटेल. पण १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घराने या अंकांकडून कथा-कवितांच्या जोडीला विचारांची शिदोरीही घेतली आहे. विद्यापीठ आणि माजघर यांच्यामध्ये आपल्याकडे दुसरे फारसे पूल नाहीत.

‘शाश्वत विकास’ हे शब्द १९८७च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने जगभर नेले. पुढच्या पिढ्यांची त्यांच्या गरजा भागवण्याची क्षमता हिरावून न घेता आजच्या गरजा भागवायच्या, एवढा त्याचा सरळ अर्थ. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी त्याची १७ उद्दिष्टे ठरवली आणि तेव्हापासून आपल्याकडेही या विषयाला भरती आली. गावोगावच्या महाविद्यालयांत परिसंवाद होतात, अर्थकारण, तंत्रज्ञान आणि पर्यटन एकाच आमंत्रणपत्रिकेत बसतात, निबंधांचे जाडजूड संग्रह निघतात. त्यांतले काही काम फार चांगले असते. संशोधक विद्यार्थी उन्हातान्हात वाड्यावस्त्यांवर जातात, शंभर-दोनशे घरांतून प्रश्नावल्या भरून आणतात. गावकरी कामधंदा सोडून त्यांच्यापुढे बसतात, घरातला चहा देतात, किती कमावतो, किती पाणी भरतो, कर्ज किती, सगळे सांगतात. मग प्रबंध इंग्रजीत लिहिला जातो, पदवी मिळते, आणि ज्या गावाने उत्तरे दिली त्याला निष्कर्ष काय निघाला हे कधी कळतच नाही. याचा मला मनापासून राग येतो. विद्यार्थ्यावर नव्हे, कारण गावाला परत सांगणे हा संशोधनाचाच भाग आहे असे त्याला कधी कुणी सांगितलेले नसते.

गाडगीळांच्या पाहणीकडे पुन्हा वळू, कारण तिच्यात एक राहून गेलेली बाजूही आहे. कालव्याचे लाभ मोजले गेले, पण उसाने घेतलेल्या पाण्याची पुढच्या पन्नास वर्षांची किंमत कुणी मांडली नव्हती. तो काळच तसा होता. पुढे जास्त पाण्याने काळ्या जमिनी चोपण आणि खारवट झाल्या. राज्यातल्या एकूण लागवडीच्या चार टक्क्यांहूनही कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे बहुतांश पाणी पीत होता, असे कृषी खर्च व मूल्य आयोगाने लिहून ठेवले होते. सहकाराने समृद्धी दिली, हे खरे. आणि त्याच जिल्ह्यांतल्या कोरडवाहू टापूत उन्हाळ्यात टँकर फिरतात, हेही तितकेच खरे. शाश्वततेचा अभ्यास या दोन खऱ्या गोष्टी एकाच पानावर मांडायला लावतो. त्याची गरज आहे ती याचसाठी.

उसाचाच धागा पुढे नेला की डॉ. आनंद कर्वे भेटतात. तोडणीनंतर शेतात पाचट उरते. ते पेटवून देण्याची रीत जुनी; धूर होतो, जमिनीतले जीव मरतात, हाती राखेशिवाय काही लागत नाही. कर्व्यांच्या ‘आरती’ने, म्हणजे पुण्याच्या अप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, हेच पाचट भट्टीत घालून त्याचा कोळसा करण्याची आणि कोळशाच्या कांड्या पाडण्याची रीत बसवली. त्या कामाला २००२ साली ब्रिटनमधला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. २००६ साली तोच पुरस्कार दुसऱ्यांदा आला, तो घरगुती बायोगॅससाठी. गोबर गॅसला शेण लागते, शेणाला गुरे लागतात. शहरातल्या किंवा भूमिहीन घरात गुरे कुठली? कर्व्यांनी पाहिले की गॅस करणाऱ्या जिवाणूंना शेणापेक्षा पिष्टमय आणि गोड पदार्थ फार लवकर पचतात. शिळा भात, खराब झालेले पीठ, फळांचा चोथा असे किलो-दोन किलो खाद्य प्लास्टिकच्या टाकीत घातले की घरातल्या रोजच्या स्वयंपाकाला हातभार लागेल एवढा गॅस मिळतो. शेण घालायचे तर ते याच्या कितीतरी पट लागते. तंत्रज्ञान म्हटले की आपल्याला कोट्यवधींची यंत्रे आठवतात. हे तंत्र मात्र गुरे नसलेल्या घराची अडचण ओळखून तयार झाले.

आता पर्यटन. इथे थोडे रेंगाळायला हवे, कारण कोकणात रस्ते रुंद होत आहेत, जमिनींचे भाव चढत आहेत आणि ‘पर्यटनातून विकास’ हा मंत्र प्रत्येक सभेत ऐकू येतो.

मंडणगड तालुक्यातले वेळास हे समुद्राकाठचे छोटे गाव. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेचे कार्यकर्ते किनाऱ्यावर समुद्री गरुडांची पाहणी करत होते. वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केली तेव्हा कळले, की ऑलिव्ह रिडले जातीची कासवे इथे दरवर्षी अंडी घालतात आणि घरटी लुटली जातात; काही माणूस नेतो, काही कुत्री आणि कोल्हे उकरतात. संस्थेने गावातल्याच तरुणांना हाताशी धरले. रात्री-पहाटे किनारा चालायचा, मादीच्या पायांच्या खुणा वाळूत शोधायच्या, घरट्यातली शंभर-सव्वाशे अंडी हलक्या हाताने काढायची, कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीचा खड्डा करून त्यात ठेवायची, आणि तारीख व अंड्यांची संख्या लिहून पाटी लावायची. साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले वर येतात. घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते. सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात. पिल्ले असली तर त्यांना पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात, आणि तळहातावर मावेल एवढा तो जीव लाटेच्या दिशेने सरपटत जातो.

हे बघायला लोक येऊ लागले आणि २००६पासून वेळासला कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणा गावातल्या घरीच राहतो, घरातलेच जेवतो. पैसे त्या घरात जातात. एखाद्या दिवशी टोपलीखाली पिल्लू नसते, आणि पाहुण्याला रिकाम्या हाताने परत जावे लागते. गावाने ते मान्य केले आहे, येणाऱ्यानेही करायचे असते. कासवांचे वेळापत्रक पाहुण्यांच्या सुट्टीप्रमाणे बदलत नाही, एवढी एक अट पाळली म्हणून हे पर्यटन टिकले.

आणि याच कामातून विज्ञान पुढे गेले. कासवमित्रांच्या, म्हणजे किनारा चालणाऱ्या या तरुणांच्या, वह्यांत वर्षानुवर्षांच्या नोंदी साठल्या. जानेवारी २०२२मध्ये कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेने वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश धाडणारे यंत्र बसवले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडलेवर असा प्रयोग पहिलाच, म्हणून तिचे नाव ‘प्रथमा’. पुढच्या वर्षी असेच यंत्र घेऊन गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. जानेवारी २०२५मध्ये तर गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आलेल्या मादीच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायावर धातूची खूणपट्टी सापडली, क्रमांक ०३२३३. ती पट्टी २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली होती. पूर्वेची कासवे वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, या समजाला त्या पट्टीने धक्का दिला. रात्री विजेरी घेऊन किनारा चालणारा माणूस नसता, तर तो क्रमांक वाचला कुणी असता?

कासच्या पठाराची कथा याहून गुंतागुंतीची आहे. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासही आले. फुलांच्या दिवसांत गर्दी इतकी लोटली की दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घालावी लागली. गुरे आली तर फुले जातात की गुरे थांबली तर गवत माजून फुले जातात, यावर अभ्यासक आणि स्थानिक यांच्यात वाद झाला. तिथले गुराखी दुसरी बाजू आधीपासून सांगत होते. या अंकात त्यावर स्वतंत्र लेख आहे, म्हणून इथे थांबतो.

पश्चिम घाटाचा विषय मात्र एवढ्यावर सोडता येत नाही. धनंजयरावांचे चिरंजीव माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली मार्च २०१०मध्ये केंद्र सरकारने तज्ज्ञांचा गट नेमला. ऑगस्ट २०११च्या अखेरीस अहवाल सादर झाला. डोंगराची संवेदनशीलता तीन पातळ्यांवर दाखवणारा आणि अखेरचा निर्णय ग्रामसभांपासून वर जात घ्या असे सांगणारा हा अहवाल पाचशेहून अधिक पानांचा, इंग्रजी. तो केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने दडवून ठेवला. एका नागरिकाने माहिती अधिकारात मागितला, केंद्रीय माहिती आयोगाने तो द्या म्हटले, सरकार दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि तिथेही हरले. मे २०१२मध्ये कागद खुले झाले. मधल्या काळात सह्याद्रीतल्या वाड्यांवर अहवाल पोचण्याआधी अफवा पोचल्या: घर बांधता येणार नाही, शेती बंद, माणसे हाकलणार. ज्यांच्याशी बोलून निर्णय घ्यावा असे अहवाल म्हणत होता, त्यांनाच तो वाचायला मिळाला नव्हता. सावंतवाडी-दोडामार्गच्या पट्ट्यातल्या २५ गावांनी तर, आमचे गाव संवेदनशील ठरवा, असे ग्रामसभांचे ठराव केले. खाणी नकोत हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही.

पुढे हा अहवाल तपासायला कस्तुरीरंगन समिती आली, संवेदनशील क्षेत्र कमी झाले, अधिसूचनेच्या मसुद्यामागून मसुदे निघाले. ३० जुलै २०१४ला माळीण दरडीखाली गेले, १५१ माणसे गेली. मग तळिये, मग इर्शाळवाडी. ३० जुलै २०२४ला केरळात वायनाडमध्ये दरडी कोसळल्या आणि दुसऱ्या दिवशी सहाव्या मसुद्याची अधिसूचना निघाली: सहा राज्यांतले ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचे १७,३४०. प्रत्येक दरडीमागे एकच कारण असते असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. पण अहवाल २०११मध्येच गावोगाव मराठीत वाचला गेला असता, तर उतारावर जेसीबी चालवताना दहा जणांनी तरी प्रश्न विचारला असता, असे मला ठामपणे वाटते.

प्रश्न विचारायची सवय असलेले गाव आपल्याकडे आहे. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा). तिथल्या गोंड गावकऱ्यांचा अभ्यास गट आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या गटात लोक एकत्र बसून कायदा वाचतात, जंगल मोजतात, बाहेरच्या जाणकारांना बोलावून ऐकतात, आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वांच्या संमतीने घेतात. वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारे हे देशातल्या पहिल्या गावांपैकी एक; तो २००९ साली मिळाला. तरी आपल्याच जंगलातला बांबू विकायला वाहतुकीचा परवाना मिळेना. २०११च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. बांबूच्या उत्पन्नावर ग्रामसभेचा कारभार चालू लागला. किती तोडायचे आणि किती राखायचे, हे गावच ठरवू लागले. शाश्वत विकासाच्या व्याख्येतला प्रत्येक शब्द तिथे कामाला लागलेला दिसतो.

म्हणून हा अंक नुसता वाचून बाजूला ठेवण्यासाठी काढलेला नाही. येत्या वर्षभर आम्ही प्रत्येक अंकात चार पाने संशोधक विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवत आहोत. अर्थशास्त्र, शेती, ऊर्जा, पर्यटन, कोणत्याही शाखेचा प्रबंध चालेल. लेख मराठीत हवा, पंधराशे शब्दांत हवा, आणि छापायला देण्यापूर्वी तो ज्या गावात पाहणी केली तिथल्या ग्रामसभेत किंवा निदान पारावर वाचून दाखवलेला हवा. लोकांनी विचारलेले प्रश्न आणि घेतलेले आक्षेप लेखाखाली त्यांच्याच शब्दांत छापले जातील. संशोधकाला ते पटले नाहीत तर त्याचे उत्तरही छापू. मार्गदर्शक प्राध्यापकांना विनंती, की या वाचनासाठी विद्यार्थ्याला दोन दिवसांची रजा आणि एसटीचे भाडे तेवढे मिळू द्या. पहिले लेखन संक्रांतीपर्यंत हाती यावे.