तान्ह्याचा ताप आणि आपलं "सकाळी बघू"



आज थोडं कडू लिहिणार आहे, तेही आपल्याच वयाच्या बायकांसाठी. सून घाबरून सांगते, "आई, बाळाचं अंग गरम लागतंय." आपण दुपट्यात हात घालतो आणि निकाल देतो, "दात येत असतील. दृष्ट लागली असेल. लसीचा असेल. सकाळी बघू."

दोन वर्षांपूर्वी हे मीच म्हटलं होतं. नातू 35 दिवसांचा. लोणावळ्याचा पाऊस, म्हणून खोलीत शेगडी आणि बाळ दोन दुपट्यांत. अंग तापलं तेव्हा म्हटलं, उबेनं असेल. मग मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. रात्री त्यानं दूध ओढणं सोडलं. "दमलाय, झोपू द्या," हेही माझंच. सकाळी तळेगावला नेलं तेव्हा लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात उतरला होता. पाठीतलं पाणी तपासलं, 11 दिवस इंजेक्शनं चालली. बाळ वाचलं. पण डॉक्टरांनी "ताप कधीपासून?" विचारलं तेव्हा सूनबाई नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी बी.कॉम. आहे, डॉक्टर नाही. तरी माझ्या कारणांचा ताळा मलाही जमायला हवा होता. दात साधारण सहाव्या महिन्यात येतात. जन्माच्या वेळच्या लसींनंतर पुढची लस दीड महिन्याला. 35 व्या दिवशी कसला लसीचा ताप? आणि दृष्ट? स्थानकात मिथ्यात्वावरचं व्याख्यान मान डोलावत ऐकायचं आणि घरी येऊन मोहऱ्या ओवाळायच्या!

उबेचं मात्र खरं असू शकतं. जास्त गुंडाळल्यानं अंग तापतं. मग शेगडी बाहेर काढा, एक दुपटं सोडा, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजा. पण मोजा! हात हा थर्मामीटर नव्हे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला काखेत 99.5 फॅरनहाइट किंवा जास्त भरलं, तर त्याच तासाला दवाखाना. एवढ्या लहान जिवाची प्रतिकारशक्ती कच्ची असते. रक्तातला, फुप्फुसातला, मेंदूच्या आवरणातला संसर्ग काही तासांत पसरतो आणि बाहेर फक्त ताप दिसतो. कधी उलटं होतं, बाळ गार पडतं. दूध ओढत नाही, मलूल झालंय, मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास घेतंय, झटका आला, तर ताप नसला तरी निघा. मोठ्या भावंडाचं उरलेलं तापाचं सिरप, गुटी, धुरी, गार पाण्याच्या पट्ट्या यांतलं काही नको. निघताना आईचं दूध तेवढं चालू ठेवा.

काही जणी म्हणतील, आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं? नव्हतं, म्हणून किती घरांत पाळणे रिकामे झाले ते आठवा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळ तपासायला, ताप मोजायला, संसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं. तिथले नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये 'लॅन्सेट'नं ते छापलं. त्या बायकांना जे जमलं ते आपल्याला का जमू नये? आपल्या आंदर मावळात, नाणे मावळातही आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते. तिला चहा विचारतो, तसं बाळाचं तापमानही विचारा.

राहिलं कर्म. "अशाता वेदनीय आहे, भोगून संपेल," असं मला एकीनं सांगितलं. आपल्या धर्मानं कारणं पाच सांगितली: काळ, स्वभाव, नियती, कर्म आणि पुरुषार्थ. चार बाळाच्या माथी मारायची आणि पाचवं, जे आपल्या हातात आहे, ते सकाळवर ढकलायचं? हा कर्मसिद्धांत नव्हे, हा आळस आहे. नवकार जरूर म्हणा, पण 108 च्या गाडीत बसून म्हणा.

आता आमच्या घरी थर्मामीटर देवघराच्या कप्प्यात असतो आणि शेवटचा शब्द आईचा, आजीचा नाही.

सूनबाई, त्या रात्रीसाठी मिच्छामि दुक्कडम्.