डाग तोंडात, शिक्षा बाईला


एचआयव्ही असलेल्या बाईच्या हिरड्यांवर, जिभेवर काळे डाग दिसले की ‘रोग तोंडावर आला’ असे म्हणून तिचे ताट वेगळे केले जाते. म्हणून परभणी जिल्ह्यातल्या आपल्या गटांनी ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

काळा डाग म्हणजे एचआयव्ही नव्हे. आपल्याकडे अनेकींच्या हिरड्या मुळातच काळसर असतात. तंबाखूनेही तोंड काळवंडते. एचआयव्हीवरच्या झिडोव्हुडिन या औषधाने नखे आणि तोंड काळे पडू शकते. मात्र सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेलेल्या रुग्णांत असे डाग अधिक आढळतात. म्हणून नवे डाग दिसल्यास औषध स्वतःहून बंद करू नये. एआरटी केंद्रात दाखवून पेशींची तपासणी मागावी. तोंडात पांढरा थर आला, गिळताना दुखू लागले, तर मुळीच थांबू नये.

गंगाखेड, पालम, सोनपेठकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचे औषध मध्येच तुटले की प्रतिकारशक्ती घसरते. निघण्यापूर्वी तिने पुढच्या महिन्यांची औषधे आणि कारखान्याजवळच्या केंद्रासाठी चिठ्ठी मागून घ्यावी.

सरकारने २००४ पासून ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीविना तपासणी करण्यास, आजार उघड करण्यास त्याने मनाई केली. बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. हा हक्क तिला माहीत नसेल, तर तो सांगणे आपले काम आहे. डागाचे कारण डॉक्टर शोधतील. वेगळे झालेले ताट परत पंगतीत आणायचे आहे ते आपल्याला.