पाच लाखांचा विमा, पण कार्डावरचं नाव जुळतंय का?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २८ जून २०२३ रोजी घेतला. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर गेलं. बीडमध्ये ऑपरेशनसाठी मुकादमाकडून उचल घेणाऱ्या घरांना हा फार मोठा आधार आहे.

मात्र त्यासाठी कागदपत्रं जुळावी लागतात. आपल्याकडे रेशन कार्डावर ‘शेख सलीम शेख रहीम’ आणि आधारवर ‘सलीम रहीम शेख’ असं सर्रास असतं. मोहल्ल्याला माणूस एकच. पण सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून सांगतो, संगणकाला ते दोघं वाटू शकतात. हा फरक पेशंट अ‍ॅडमिट झाल्यावर कळला, तर तहसीलच्या चकरा आणि उसनवारी एकदमच सुरू होते.

दुसरं म्हणजे, योजना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णांसाठी आहे. शुगर-बीपीच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च खिशातूनच जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला, पण हमालाकडे किंवा ऊसतोड मजुराकडे अशी पॉलिसी असते कुठे?

म्हणून दोस्तांनो, दोन कामं हाती घेऊ. येत्या जुम्याला नमाजनंतर घरोघरची रेशन कार्डं आणि आधार शेजारी ठेवून नावं तपासू, दुरुस्तीचे अर्ज आताच भरू; शेजारच्या वस्तीतल्या बांधवांचेही. आणि या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने मिळाव्यात, म्हणून लोकप्रतिनिधींकडे पाठपुरावा करू.