म्युनिकचे काय चुकले?

सरकारी कचेऱ्यांनी 'विंडोज' सोडून मुक्तस्रोत लिनक्स घ्यावे, अशी सूचना कोणी केली की समोरच्याच्या तोंडी हटकून एक नाव येते: म्युनिक. "त्यांनी केले, पस्तावले आणि मुकाट्याने परत आले," असे म्हणून विषय मिटवला जातो. जर्मनीतल्या या शहराची हकीकत इतकी सोपी नाही, आणि ती अर्धवट सांगितल्याने आपल्याच कचेऱ्यांचे नुकसान होते, असे मला वाटते.

म्युनिकच्या नगरसभेने मे २००३ मध्ये सुमारे १४ हजार संगणक लिनक्सवर नेण्याचे ठरवले. जुन्या विंडोज एनटीची मुदत संपत आली होती. पैसे खर्च व्हायचेच होते. ते कोणावर करायचे एवढाच प्रश्न होता. महापौर क्रिस्टियान ऊडे यांचे मन वळवायला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वित्झर्लंडमधली सुटी टाकून धावत आले. महापौर बधले नाहीत.

पुढची दहा वर्षे काम चालले. खरी मेहनत यंत्रांवर नव्हे, कागदांवर पडली. प्रत्येक खात्याचे वेगळे फॉर्म, वेगळे मसुदे, कोणा हुशार कारकुनाने कधीकाळी करून ठेवलेल्या आणि आता कोणालाच न उलगडणाऱ्या मॅक्रो, असे हजारोंनी निघाले. ते निवडून नव्याने बसवण्यासाठी पालिकेने 'वोलमुक्स' नावाची स्वतःची आज्ञावली लिहिली. २०१३ मध्ये काम संपले तेव्हा सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर होते. एक कोटी युरोहून अधिक वाचले, असा पालिकेचा २०१२ चा हिशेब होता. मायक्रोसॉफ्टला तो मान्य नव्हता, हेही सांगायला हवे.

मग बिनसले कुठे? २०१४ मध्ये डीटर राइटर महापौर झाले. त्यांना लिनक्सचे प्रेम नव्हते. २०१६ मध्ये पालिकेने ॲक्सेंचर कंपनीकडून पाहणी करवून घेतली. या कंपनीचे मायक्रोसॉफ्टशी जुने व्यावसायिक संबंध. तरीही तिला मुख्य दोष दिसला तो पालिकेच्या संगणकविभागांच्या विस्कळीत कारभारात. तरी नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरसभेने विंडोजकडे परतण्यावर शिक्कामोर्तब केले, आणि त्यासाठी सुमारे ५ कोटी युरोंचा खर्च धरला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

कर्मचाऱ्यांच्या तक्रारी मात्र खोट्या नव्हत्या. बाहेरचे जग वर्डमध्ये लिहीत होते. आलेली फाइल उघडली की रकाने हलत. एकट्या गावाने वेगळे माप धरले तर बाजारात जाच त्यालाच होतो.

हा जाच मराठी माणसाला नवा नाही. युनिकोड येण्यापूर्वी टंकलेला माझा बराच मजकूर आज उघडला की रोमन अक्षरांची खिचडी दिसते, कारण तो फाँट आता माझ्या संगणकावर नाही. मजकूर माझा, किल्ली दुसऱ्याची. सरकारी दप्तरांत असे किती कागद पडून असतील, कल्पना करावी.

किल्ली दुसऱ्याकडे असण्याचा अर्थ जुलै २०२५ मध्ये गुजरातेत कळला. वाडीनारला तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जीची सेवा मायक्रोसॉफ्टने युरोपीय संघाच्या निर्बंधांपायी अचानक थांबवली. परवान्यांचे पैसे पूर्ण भरले आहेत, असे कंपनीचे म्हणणे होते. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा सेवा पुन्हा सुरू झाली. कंपनीला वकील परवडतात. नगरपरिषदेने काय करावे?

जर्मनीच्या उत्तरेकडील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने आता हेच काम हाती घेतले आहे. एप्रिल २०२४ मध्ये राज्याने सुमारे ३० हजार कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर लिबरऑफिस आणण्याचे ठरवले आणि कागदपत्रांसाठी खुला नमुना नेमून दिला. ऑक्टोबर २०२५ पर्यंत ४० हजारांवर ईमेल खाती मायक्रोसॉफ्टकडून हलवली. लिनक्सची पाळी त्यानंतरची. ईमेल हलवताना न्यायालयांतून, पोलिसांतून ओरड झाली. डिजिटल मंत्री डिर्क श्रोडटर यांना चुका कबूल कराव्या लागल्या. पण म्युनिकसारखे हे राज्य एकटे राहण्याची शक्यता कमी, कारण २०२५ मध्येच जर्मनीच्या केंद्राने व राज्यांनी मिळून तोच खुला नमुना २०२७ पर्यंत सर्व कचेऱ्यांत रूढ करायचे ठरवले आहे.

भारत सरकारचे मुक्तस्रोताला प्राधान्य देणारे धोरण २०१५ पासून आहेच. तेव्हा आपल्या एखाद्या जिल्हा परिषदेने लिनक्सच्या तबकड्या वाटण्याची घाई करू नये. आधी दोन माणसे बसवून जुन्या फाँटांतले ठराव आणि नोंदी युनिकोडमध्ये आणाव्यात, खुल्या नमुन्यात साठवाव्यात. त्याला ना मंत्र्यांची परवानगी लागेल, ना कोणत्या कंपनीच्या प्रमुखाला सुटी मोडून यावे लागेल.